जंतूचा उकार

हैदराबाद,
३० नोव्हेंबर १९५५

ती. अक्का आणि ती. दाजी, दोघांनाही राधाकिशनचा वाकून नमस्कार.

तुम्ही ताडकळसला सुखरूप पोचल्याचं कार्ड काल मिळालं. अक्का, आणखी चार दिवस राहिली असतीस तर तपासणीचा निकाल तुझ्यासमोरच कळला असता. पण कापूस वेचायचा राहिलाय म्हणून तू गाडी गाठलीस. तुझ्यावाचून कापूस काय बोंडातच बसून राहणार होता? असो.

मोतीबिंदू पिकलाय, काढायलाच हवा, हे डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंच होतं. तुझा डावा डोळा लहानपणी देवीत गेला, सगळी मदार उजव्यावर, म्हणून ते फार जपून चाललेत. मी तुझ्या पापणीच्या आतून कापसाची काडी फिरवली होती, आठवतं का? तू म्हणालीस, काजळ पुसायलास काय. त्या काडीवर जे आलं ते आम्ही काचेच्या बशीत घालून उबेला ठेवलं, वाढू दिलं. त्यात जंतू निघाले, आणि ते वाईट जातीचे आहेत. ते असताना ऑपरेशन केलं तर चिरेतून आत शिरतील आणि दोन दिवसांत डोळा जाईल. म्हणून ऑपरेशन पुढं ढकललंय. औषधाच्या थेंबांची शिशी वेगळ्या पार्सलनं पाठवतोय. दिवसातून चार वेळा घालायचे. महिन्यानं पुन्हा या.

आज तीस काड्या तपासायच्यात, जास्त लिहायला फुरसत नाही.

तुमचा
राधाकिशन


ताडकळस,
९ डिसेंबर १९५५

चि. राधाकिशनला दोघांकडून आशीर्वाद.

हात माझा आहे आणि बोलणं तुझ्या अक्काचं. ती सांगती तसंच लिहायचं, मधी आपली अक्कल घालायची न्हाई, असा हुकूम आहे. तुला ठाऊक आहे, माझी शाळा सारी उर्दूत झाली. मराठी लिहितो ते जोडाक्षराला वळसा घालून. तुझी पत्रं आजवर तीच वाचायची आणि मी तंबाखू मळत ऐकायचो. आता उलटं झालंय.

तर ती म्हणती:

राधू, तुझं पत्र ह्यांनी वाचलं आन् मला घास गिळंना. माझ्या डोळ्यात जंत? आरं, जंत लेकरांच्या पोटात होत्यात, गूळ जास्त खाल्ला की. मी गुळाचा खडा तोंडात धरत न्हाई, मला जंत, ते बी डोळ्यात? झरीला आपल्या घरात कुणाला झाले न्हाईत. (माझ्या घरात पण कुणाला न्हाईत. हे माझं, आप्पारावचं.)

शेजारची चतुराबाई बसली होती, तिच्यासमोरच ह्यांनी पत्र वाचलं. ते बी मोठ्यानं, दवंडी दिल्यागत. गावभर झालं. आता आडावर मी दोर सोडला की दुसरी लगेच धरत न्हाई, आधी पदरानं पुसून घेती. मला अंधुक दिसतं, पण तेवढं दिसतं.

वावडिंगाचा काढा घ्यायलेय दोन वक्त. तोंड कडूजहर झालंय. तुझे थेंब बी घालते. पण चतुरा म्हणती थेंबानं जंत मरत न्हाईत, ते काढावेच लागत्यात. ते केवढे हायत, किती हायत, तेवढं खुलासेवार लिही. तुझं पत्र आल्यापून डोळ्यात नुसतं वळवळायलंय.

(तिचं झालं. माझं एवढंच की ती दिवसातून दहा वेळा पापणी ओढून माझ्यापुढं धरती आणि विचारती, दिसला का. मी बघतो. मला काही दिसत न्हाई.)

आप्पाराव


हैदराबाद,
१५ डिसेंबर १९५५

ती. अक्का आणि ती. दाजींना सादर नमस्कार.

दाजी, तुमचं पत्र वाचून मी आधी हसलो, आणि मग माझं मलाच वाईट वाटलं. जंत नव्हे, जंतू. शेवटी उकार आहे. जंत पोटातले, दोऱ्यासारखे, साध्या डोळ्याला दिसणारे. जंतू इतके बारीक की सुईच्या टोकावर हजारो मावतील. भिंगाच्या यंत्राखाली धरल्याशिवाय मलाही दिसत नाहीत. अक्का, तो काढा आधी बंद कर. वळवळतंय ते डोळ्यात नाही, तुझ्या मनात.

आता नीट सांगतो, मागच्या पत्रात घाईत राहिलं. जंतू सगळ्यांच्याच डोळ्यात असतात. मी इथं कामाला लागलो तेव्हा डॉक्टरांनी पहिल्या दिवशी माझ्याच डोळ्यातून काडी फिरवायला लावली. दुसऱ्या दिवशी बशीत खसखशीएवढे पांढरे ठिपके उगवलेले. मी घाबरलो. ते म्हणाले, हे तुझे घरचे आहेत, जन्मल्यापासून तुझ्या पापणीच्या काठावर राहतात, काही करत नाहीत. उलट त्यांनी जागा धरलेली असते म्हणून बाहेरच्याला लवकर बसता येत नाही. वरून आसवं धुतात, पापणी झाडून घेते. असा सगळा संसार बिनबोभाट चाललेला असतो. मला ते फार आवडलं. तेव्हापासून कुणाशी बोलताना त्याच्या डोळ्याकडं बघितलं की मला आधी तिथली वस्ती आठवते.

तुझ्या बशीत घरचे होतेच. पण त्यांच्यात दुसरे निघाले, जोडीजोडीनं राहणारे. हे डोळ्यावर आपणहून फारसे टिकत नाहीत, त्यांना कुठंतरी दडायला जागा लागते. डोळ्यातलं पाणी नाकात उतरायला कोपऱ्यात एक बारीक मोरी असते. ती तुंबली की तिथं घाण साचते आणि हे तिथं तळ ठोकतात. डॉक्टरांनी त्या दिवशी कोपरा दाबून पाहिला होता, काही आलं नव्हतं. ते बुचकळ्यात आहेत. अक्का, खरं सांग, तुझ्या त्या कोपऱ्यातून कधी पू येतो का?

डोळ्याला हात लावू नको, पदर लावू नको, काजळ तर नाहीच. बुबुळावर साधा ओरखडा उठला तरी हे आत शिरायला टपलेले आहेत. आणि चतुराबाईला सांगा की तिच्याही डोळ्यात जंतू आहेत, माझ्याही, डॉक्टरांच्याही. आडावर दोर पुसायचं कारण नाही.

राधाकिशन


ताडकळस,
४ जानेवारी १९५६

चि. राधाकिशनला आशीर्वाद.

हे पत्र मी एकटाच लिहितोय, पारावर बसून. तुझ्या अक्काला ठाऊक न्हाई.

तुझं मागचं पत्र मी इथंच, पारावर, चार लोकांत वाचलं. म्हणलं, तिची बदनामी माझ्या वाचण्यानं झाली, ती माझ्या वाचण्यानंच पुसावी. मी उकार बराबर सांगितला. पण ऐकणाऱ्याला उकार कुठं दिसतो? लोकांनी एवढंच धरलं की हैदराबादच्या दवाखान्यातनं लिहून आलंय, सगळ्यांच्याच डोळ्यात जंत असतात. त्यातल्या चंद्रभाननं तिथंच बसून डोळे चोळायला सुरू केलं.

पुढच्याच बाजारात ती किडे काढणारी बाई आली. दातातले, कानातले काढती तीच. एरवी तिच्याकडं दोन-तीन जण जातात. त्या दिवशी रांग लागली, तुझ्या पत्राच्या जोरावर. बोरूसारखी नळी डोळ्याला लावून तोंडानं ओढायची आणि ओल्या फडक्यावर बारीक पांढरे किडे टाकायची. चतुराबाईचे नऊ निघाले. ती घरी येऊन तुझ्या अक्काला मोजून सांगायली.

राधाकिशन, मला उकार कळला होता. तरी त्या बाईला घरी मीच आणलं. म्हणलं, जंत असो का जंतू, बाहेर निघाल्याशी मतलब. तुझी अक्का नको म्हणत होती. माझ्या शब्दाखातर बसली. नळी लागली तशी ती कळवळली. बाईनं अकरा किडे दाखवले. मी खूष झालो.

तिसऱ्या दिवशी डोळा लाल झाला. आज आठवा दिवस. बुबुळावर पांढरा डाग पडलाय आणि त्याच्याखाली, काळ्या भागाच्या बुडाशी, दह्यागत काहीतरी साचलंय. उजेड सहन होत न्हाई. चुलीकडं पाठ करून बसती आणि चाचपत भाकरी थापती. दुखतंय का विचारलं की म्हणती, न्हाई. मला तिचं ते ‘न्हाई’ ऐकवत न्हाई.

सगळा जिम्मा माझा आहे. काय करू ते लिही.

आप्पाराव


हैदराबाद,
७ जानेवारी १९५६, सकाळ

ती. दाजी,

तुम्ही तार करायची होती. असो, आता वेळ घालवू नका. झरीचे व्यंकटराव आजच्या गाडीनं पूर्णेला उतरतायत, त्यांच्याच हाती हे पत्र देतोय. ते तुमच्या दारात येऊन देतील. मिळताक्षणी निघा.

मी डॉक्टरांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. दह्यासारखं साचलंय, ते वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, डोळा राहील असं मी सांगू शकत नाही. चार आणे आशा धर. डाग फुटला तर डोळा काढूनच टाकावा लागेल. डावा आधीच गेलेला आहे, तेव्हा पुढं काय ते तुम्हाला सांगायला नको.

तुमच्यावर रागवायला मला तोंड नाही. सगळ्यांच्या डोळ्यात असतात, असं मीच लिहिलं आणि चतुराबाईला सांगा असंही मीच लिहिलं. झरीला वाढलेला माणूस मी, आपल्याकडं किडे काढणारी बाई फिरते हे मला आठवायला हवं होतं.

अक्काला यातलं किती सांगायचं ते तुम्ही ठरवा. वाटेत डोळा झाका, पण दाबून बांधू नका.

राधाकिशन


ताडकळस,
२२ मार्च १९५६

चि. राधाकिशनला दोघांकडून आशीर्वाद.

पुन्हा हात माझा, बोलणं तिचं.

राधू, आमी नीट पोचलो. डोळा शांत हाय. दुखणं गेलं. नाकाच्या बाजूला टाके घातले होते तिथं नुसती रेघ राहिली, कुंकू लावताना बोटाला लागती. मोतीबिंदू हाय तिथंच हाय, त्यामुळं दिसायला पहिल्यासारखंच धुकं. पण डोळा जागेवर हाय. मी त्यावर हात फिरवून रोज बघते. (फिरवू नको म्हणून मी सांगतो. ऐकत न्हाई.)

आता एक सांगायचं हाय. तुझ्या दाजींना आताच कळायलंय, लिहिता लिहिता. डॉक्टरनं कोपरा दाबला आन् पू आला, तवा त्यांनी विचारलं कवापासून. मी म्हणलं, ह्या दुखण्यापासून. ते खोटं हाय. पाच वर्षं झाली. रोज सकाळी उठल्या उठल्या बोटानं दाबून काढून टाकायचे, पदरानं पुसायचे, मग चुलीकडं जायचे. दिवाळीनंतर पहिल्यांदा आले त्या दिवशी बी दवाखान्याच्या मोरीवर जाऊन दाबून आले होते. म्हणून त्यांना काय सापडलं न्हाई. तू पत्रात सरळ विचारलंस, तरी मी उत्तर दिलं न्हाई.

का, ते बी सांगते. डोळ्यातनं पू येणाऱ्या बाईच्या हातची भाकरी कोण खाईल? सुना काय बोलल्या नसत्या. आपापली चूल मांडली असती. आन् डॉक्टरनं म्हणलं असतं, घाण डोळा हाय, घेऊन जा. मला वाटलं, लपवलं की निभंल. तुझ्या कापसाच्या काडीनं चुगली केली.

(राधाकिशन, मी दोन मिनिटं लेखणी ठेवली होती. पाच वर्षं एका घरात राहून मला दिसलं न्हाई, आणि डोळे माझे चांगले आहेत. मी तिला म्हणलं, भाकरी मी खाल्ली असती. ती म्हणली, लिही पुढं. पुढं काही न्हाई, एवढंच.)

आप्पाराव


हैदराबाद,
३१ मार्च १९५६

ती. अक्का आणि ती. दाजींना नमस्कार.

अक्का, तुझं पत्र मी डॉक्टरांना सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, निम्मे पेशंट दाखवायला येताना घर झाडून येतात, म्हणून तर काडी फिरवायची.

मोरीच्या तोंडाशी पू साठवणारी सडलेली पिशवी काढून टाकलीय, त्यामुळं त्या जंतूंचा तळच उठला. पण ती मोरीही तिच्याबरोबर गेली. आता डोळ्यातल्या पाण्याला नाकात उतरायची वाट राहिली नाही, ते गालावरूनच ओघळणार. जन्मभर. त्याला घाबरू नका, ते दुखणं नाही. स्वच्छ फडक्यानं गालावर टिपायचं. हे दाजींनी लक्षात ठेवावं, नाहीतर पाणी दिसलं की पुन्हा कुणाला तरी घेऊन याल.

निघायच्या आदल्या दिवशी घेतलेल्या काडीचा निकालही सांगतो. बशीत फक्त खसखशीचे ठिपके आले. सगळे घरचे. डॉक्टरांना मी बशी उजेडाला धरून दाखवली. बुबुळावरच्या डागाचं फूल, म्हणजे वण, कडेला पडलंय, मधली वाट मोकळी आहे. दसरा झाला की मोतीबिंदू काढायचा ठरलंय.

एक कोडं मात्र मला सुटलेलं नाही. जानेवारीत तू उतरलीस तेव्हा डोळा लालभडक, तोंड वेदनेनं काळंठिक्कर, आणि काखेत हुरड्याचं गाठोडं. डॉक्टरांच्या हातात देऊन म्हणालीस, तुमी मागितला म्हणून आणलाय. ते माझ्याकडं बघायला लागले, मी त्यांच्याकडं. तसल्या परेशानीत हुरडा कुठून आठवला तुला?

राधाकिशन


ताडकळस,
१८ डिसेंबर १९५६

चि. राधूला अक्काचा आशीर्वाद.

ह्या बारीला हात बी माझा हाय. अक्षर वेडंवाकडं हाय, समजून घे. आबांनी झरीला पोथीवर बोट ठेवून शिकवलं त्याला चाळीस वर्षं झाली.

वाचायचा चष्मा परवा तुझ्या पार्सलनं मिळाला. मोतीबिंदू काढल्यापून लांबचं बघायचा जाड चष्मा घालून मी महिनाभर घरभर फिरायलेय. भाकरीचा पापुद्रा दिसतो. सुनेच्या कपाळावरचा तीळ दिसतो. तुझ्या दाजींचं डोकं एवढं पांढरं झालंय हे मला कुणी सांगितलं न्हवतं. मधल्या काळात आपलं राज्य बी बदललं म्हणं. तू तिकडं आंध्रात राहिलास आन् आमी बसल्या जागी मुंबईला जोडलो गेलो. दोर पुसणाऱ्या बायांना दोर दिला की मी आता जाड भिंगातनं नीट बघते. त्या पुसत न्हाईत.

वाचायचा चष्मा आला हे मी ह्यांना सांगितलं न्हाई. पार्सल आलं तवा ते शेतात होते. म्हणलं, आधी आपण एकटीनं बघावं, अक्षर लागतं का. ट्रंकेत तुझी पत्रं माझ्या जुन्या लुगड्याच्या काठानं बांधून ठेवलेली होती. एकेक काढली. पहिल्याच पत्रात जंतू लिहिलंय, ठसठशीत, उकारासकट. मला हसू आलं. आबांनी शिकवलेली पोरगी डोळ्यानं असती तर एवढं रामायण झालंच नसतं.

मग व्यंकटरावाच्या हातानं आलेलं पत्र सापडलं.

राधू, ते पत्र ह्यांनी मला त्याच दिवशी वाचून दाखवलं होतं. व्यंकटराव ओसरीवर पाणी पीत होते, हे उभ्यानंच वाचायले. मला शब्द न् शब्द पाठ हाय, कारण त्या शब्दांवर मी पूर्णेपासून हैदराबादपर्यंत बसून गेले. "अक्का, भिऊ नको. असले डोळे आमच्याकडं रोज येतात आणि नीट होऊन जातात. डॉक्टर म्हणाले, बाईला सांग, काळजी करण्याजोगं काही नाही. आणि हुरड्याचे दिवस आहेत, येताना तेवढा हुरडा आणायला सांग." मी म्हणलं, ज्या डॉक्टरला हुरडा आठवतो त्याला माझ्या डोळ्याची काय काळजी न्हाई. माझा जीव भांड्यात पडला. मी गड्याला शेतात पाठवून कोवळी कणसं आणवली, भाजली, चोळली, गाठोडं बांधलं. त्या कामात मला डोळ्याचं भान राहिलं न्हाई.

आन् कागदावर असं लिहिलंय. चार आणे आशा. डोळा काढून टाकावा लागेल.

तुझं कोडं सुटलं न्हवं?

काल संध्याकाळी हे जेवून बसले. मी चष्मा कमरेला खोवला, ते पत्र त्यांच्या हातात दिलं आन् म्हणलं, राधूची आठवण यायलीय, हे वाचून दाखवा. त्यांनी पत्र उलगडलं. वरच्या तारखेवर बोट ठेवलं. मग घसा खाकरून वाचायला लागले. अक्का, भिऊ नको. असले डोळे आमच्याकडं रोज येतात. अकरा महिने झाले, राधू. एक शब्द इकडचा तिकडं झाला न्हाई. हुरड्यापर्यंत आले आन् कागद घडी करून ठेवला. जोडाक्षराला अडखळणारा माणूस, एकदा बी अडखळला न्हाई.

त्या बाईला त्यांनी घरी आणलं, हे मी कधी विसरले न्हवते. बोलले न्हाई, पण मनात धरून होते. आता न्हाई. तू बी त्यांना काय लिहू नको. पत्रं पहिल्यासारखीच त्यांच्या नावानं पाठव, मोठ्या अक्षरात. ते वाचतील, मी ऐकीन. हा कागद मी स्वतः पोस्टात टाकणार हाय, आता पायरी दिसती.

वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या गालावरनं पाणी ओघळायलं होतं. ते म्हणले, टीप ते फडक्यानं. राधाकिशननं लिहिलं होतं न्हवं, ते तसंच येत राहणार, त्याला काय कारण लागत न्हाई.

मी म्हणलं, व्हय.

तुझी
अक्का